आखाजीचे ऑर्डरचे मांडे, अमळनेर : कुणाकडून घ्यावेत, किती आणि किती वाजता

खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) साल या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके लागतात, एरवी घरात पत्त्यांना हात लावू न देणारी माणसंही त्या दिवशी ओट्यावर डाव मांडून बसतात. दुपारच्या आत पितरांना आगारी टाकली (त्यांच्या नावाने विस्तवावर नैवेद्य वाहिला) की मांडे-आमरसाचं जेवण. मांडा म्हणजे हातावर मोठी करून भाजलेली पुरणाची पोळी. अमळनेरात तर हा दिवस सुटा येतच नाही. आठ दिवसांनी एकादशीला संत सखाराम महाराजांचा रथ, मग पौर्णिमेला पालखी, आणि या सगळ्या दिवसांत बोरी नदीच्या पात्रात यात्रा. पाहुणा आखाजीला आला की पालखी बघूनच जायचं म्हणतो.

इतके दिवस, इतकी माणसं, आणि मांडे घरी करणारी घरं मात्र कमी होत चालली आहेत. गच्चीवर चूल मांडायला जागा असते, पण मांडे भाजायचं मातीचं खापर सांभाळायला नसते. हातावर मांडा फिरवणारी बाई घरात असलीच तर ती साठीच्या पुढची. म्हणून ऑर्डर. गल्लीतल्या बायका घेतात, बचत गट घेतात, केटरिंगवाले घेतात, यात्रेत आणि खाद्यमहोत्सवात गरमागरम मिळतात ते वेगळेच. या सगळ्यांचा माल एका तराजूत घालण्यासारखा नाही.

आधी चांगला मांडा कसा असतो ते. आकार दीड ते दोन फूट, घडी घातली तरी ताटाबाहेर येणारा. पातळ इतका की उजेडाकडे धरला तर आतलं पुरण सावलीसारखं दिसावं, आणि ते कडेपर्यंत गेलेलं असावं. कडेला चार बोटं नुसती कणीक राहिली असेल तर करणारीचा हात घाईत होता असं समजा. वर तपकिरी ठिपके हवेत, मोठे काळे डाग नकोत. आणि चावताना कणीक जाणवता कामा नये, दाताला आधी पुरणच लागायला हवं. पुण्या-नाशिककडची पुरणपोळी लाटतात, तव्यावर तुपात भाजतात. मांड्याला लाटणं लागत नाही आणि भाजताना तेल-तूपही नाही. बेळगावकडे मांडे म्हणतात ते पिठीसाखरेचे, कुरकुरीत, डब्यात टिकणारे. नाव एकच, पदार्थ पूर्ण वेगळा. बाहेरगावच्या पाहुण्याला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तो मऊ मांडा हातात घेऊन ‘नीट भाजला नाही का?’ म्हणून विचारतो.

ऑर्डर देताना लोक पहिला प्रश्न दराचा विचारतात. पहिला प्रश्न खरं तर हा असावा: खापरं किती, आणि त्या सकाळच्या एकूण ऑर्डरी किती? हिशेब सरळ आहे. कणकेचा उंडा घेऊन, पुरण भरून, हातावर मोठा करून, खापरावर टाकून, उलटून उतरवायला एका मांड्याला तीन-चार मिनिटं जातात. हाताखाली उंडे भरून द्यायला दुसरी बाई असली तरी एका खापरावर तासाला पंधरा ते वीस मांडे होतात, त्याच्या वर नाही. आगारी बाराच्या आत टाकायची, म्हणजे गिऱ्हाईक साडेदहा-अकराला दारात उभं. पहाटे चारला चूल पेटवली तर सात तासांत एका खापरावर सव्वाशे मांडे फार झाले, तेही मधे चहाला न उठता. एक खापर असताना कुणी अडीचशेची ऑर्डर घेतली असेल तर निम्मे मांडे आदल्या रात्रीचे असणार. ते वाईट नसतात, पण आखाजीच्या उन्हात सकाळी अकरापर्यंत त्यांच्या कडा चामड्यासारख्या होतात. वचन देताना कुणी हे सांगत नाही. विचारलं की मात्र खरं सांगतात.

दुसरा प्रश्न पिठाचा. जुनी पद्धत अशी: गहू ओलवून थोडा वेळ झाकून ठेवायचे, मग दळायचे, म्हणजे कोंडा मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. ते पीठ पातळ सुती कापडातून चाळायचं. हे वस्त्रगाळ पीठ. त्यात मीठ, पाणी, तेल घालून कणीक सैलसर भिजवायची, तिंबायची, परत पाण्याचा हात लावून तिंबायची, आणि दोन-तीन तास झाकून ठेवायची. तिंबण्याने कणकेला ओढ येते. ती नसेल तर मांडा हातावर एक फुटाच्या पुढे जात नाही, मधेच भोक पडतं. एवढी मेहनत ऑर्डरच्या धंद्यात परवडत नाही, म्हणून मैदा येतो. चार वाट्यांत एक वाटी मैदा घातला तर कुणाला कळतही नाही आणि तक्रारीचं कारणही नाही. निव्वळ मैद्याचा मांडा ओळखायला सोपा: रंगाने पांढराफेक, फार सुरेख पातळ, आणि गार झाल्यावर ओढला तर रबरासारखा ताणतो. वस्त्रगाळ पिठाचा मांडा किंचित पिवळट असतो, निरखून पाहिलं तर बारीक ठिपके दिसतात, आणि गार झाला तरी हाताने सहज तुटतो. गरम असताना दोन्ही छान लागतात. म्हणून नमुना चाखायचाच असेल तर गार झालेला तुकडा मागावा.

पुरणात फसवणूक म्हणावी असं काही नसतं, गोडाचं प्रमाण मात्र सरकतं. घरचं प्रमाण हरभऱ्याची डाळ एक किलो तर गूळ एक किलो, वेलदोडा आणि जायफळ. गूळ डाळीपेक्षा स्वस्त, म्हणून ऑर्डरच्या पुरणात गूळ सव्वापट होतो. दोन तोटे होतात. एक, अर्धा मांडा खाल्ला की हात थांबतो. दुसरा जास्त महत्त्वाचा: गूळ वाढला की पुरण सैल होतं, आणि सैल पुरण भरलेला मांडा हातावर फिरवताना एका बाजूला ओघळतो. मग करणारी कणीक जाड ठेवते. म्हणजे गोड जास्त आणि कणीकही जास्त, दोन्ही एकाच कारणाने. पुरण शिजलं की नाही ते पाहायची घरगुती खूण ऑर्डरीतही चालते: पुरणात उलथनं उभं केलं तर ते पडता कामा नये. डाळ बोटाने चिरडेल इतकी शिजवून चाळणीत वीसेक मिनिटं निथळू द्यायची, मगच गूळ. निथळायची घाई केली की तेच पाणी पुढे मांडा फाडतं. आणि वाटताना अख्खी डाळ राहिली तर प्रत्येक दाण्याच्या जागी भोक पडतं, म्हणून पुरण गरम असतानाच यंत्रातून काढायचं. गार झालेलं पुरण यंत्रात अडून बसतं.

आता खापर. कुंभाराकडचं मातीचं खापर चुलीवर पालथं घालतात, वरचा घुमट तापतो, त्यावर मांडा टाकतात. मांडा स्वतःच्या वजनाने घुमटावर ताणला जातो, म्हणून सुरकुती पडत नाही. माती उष्णता सावकाश घेते आणि सगळीकडे सारखी देते. शिवाय कणकेतला ओलावा थोडा ओढून घेते. गेल्या काही वर्षांत गॅसवर लोखंडी खापर किंवा सरळ पालथी कढई वापरणारे वाढले आहेत. त्यांचा मांडा मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो, कारण ज्योत मधल्या भागाला लागते आणि पातळ लोखंड ती पसरवत नाही. जाड बिडाच्या भांड्यावर बरा होतो. चवीत फरक किती? अर्धा धुराचा आहे, तो आवडीचा भाग. उरलेला अर्धा भाजणीचा आहे आणि तो खरा आहे. मातीचं खापर आणि लाकडं असतील तिथे दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

ज्यांना यंदा घरीच करून पाहायचे आहेत त्यांच्यासाठी थोडं: खापर आखाजीच्या आदल्या दिवशी आणू नका, आठवडाभर आधी आणा. टिचकी मारून पाहा, खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज म्हणजे आत चीर. पहिल्यांदा तापवताना गोवऱ्यांचा मंद जाळ करा, एकदम लाकडं पेटवली की ते तडकतं. तापलेल्या खापरावर गार पाणी ओतू नका. तापलं की नाही ते पाहायला बोटाने दोन थेंब शिंपडा: थेंब नाचून उडाले तर बरोबर, चिकटून सावकाश सुकले तर अजून कमी. पहिले दोन मांडे फाटणारच, ते मुलांचे. किलोभर पीठ, किलोभर डाळ, किलोभर गूळ यांत दहा ते बारा मांडे होतात. कणकेला हातावर फिरवण्याइतकी ओढ नसेल तर छोटे करा, एक फुटाचे. त्यात कमीपणा नाही. खापर मिळू दिलं नाही म्हणून मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मुक्ताबाईचं स्थान कोथळीला, आपल्याच जळगाव जिल्ह्यात. बाकीच्यांनी खापर वेळेत आणावं.

आता कुणाकडून. सगळ्यात वरचा नंबर घरी येऊन करून देणाऱ्या बाईंचा. शिधा तुमचा, खापर बहुतेकदा त्यांचं, मजुरी नगावर. मांडा खापरावरून थेट ताटात येतो, पुरणाचा गोडवा तुमच्या हातात राहतो, आणि कट (डाळ शिजवलेलं पाणी) घरातच राहतो, म्हणजे रशी (कटाची आमटी) स्वतःची. अडचण एकच, त्या आखाजीच्या सकाळी मिळत नाहीत. ज्यांची दरवर्षीची घरं ठरलेली आहेत त्यांनाच मिळतात. एकादशी ते पौर्णिमेच्या मधल्या दिवसांत मात्र सहज मिळतात. पाहुणे यात्रेला येणार असतील तर मांड्यांचा बेत आखाजीवरून उचलून तिथे न्या, जेवण शंभर टक्के चांगलं होईल.

त्यानंतर गल्लीतल्या, ओळखीच्या. इथे दर ठरवताना नीट विचारा: दर नगावर आहे, तर मांडा केवढा? तूप लावून की कोरा? रशीसाठी कट मिळणार का? एक किलो डाळीचा सव्वा-दीड लिटर कट निघतो आणि ऑर्डरवाल्यांकडे तो बादलीने उरतो, पण मागितला नाही तर कुणी देत नाही. स्वतःचं पातेलं घेऊन जा. कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून केलेली पातळ, झणझणीत रशी नसेल तर मांड्याचं जेवण एकसुरी गोड होतं. तयार रशीही विकतात; त्यात तेलाचा तवंग दोन बोटं आणि खाली नुसतं तिखट पाणी, कटाचा घट्टपणा नाही. ती घेऊ नका.

बचत गटांचा माल नगाला सारखा असतो, वेळेत मिळतो, कागदावर ऑर्डर लिहून घेतात. पन्नासच्या वर मांडे हवे असतील तर हेच बरे, कारण खापरं चार-पाच असतात. भाजणी मात्र ज्या बाईच्या खापरावर तुमचा नंबर लागेल तिच्यावर. केटरिंगवाल्यांचे मांडे निव्वळ मैद्याचे असण्याचीच शक्यता जास्त. लग्नाच्या पंगतीत गरम वाढले तर चालतात, घरी आणण्यासाठी नाहीत. स्टॉलवरचे मांडे बघायला मजा येते, बाई हातावर मांडा फिरवते तेव्हा पोरं तोंड उघडं ठेवून बघतात, तेवढ्यासाठी एक घ्यावा. पण उघड्यावरचा वारा चुलीचा जाळ एकीकडे ढकलतो, खापर एका अंगानेच तापतं, आणि धूळ फुकट.

किती सांगायचे? मोठ्या माणसाला भात-रशी-भजी-कुरडईबरोबर एक, आमरस चांगला असेल तर दीड. दहा माणसांना बारा पुरे, पंधरा सांगितले तर तीन उरतात. आमरस माणशी पाव लिटर धरला तर दहा जणांना पाच किलो आंबे. किलोला साधारण निम्मा रस निघतो. आंब्याबद्दल तारीख बघणं आलं. आखाजी 2024 साली 10 मेला होती, 2025 साली 30 एप्रिलला, 2026 साली 19 एप्रिलला. एप्रिलच्या आखाजीला गावरान आंबा बाजारात नसतोच, बाहेरचा केसर आणि बदाम असतो, आणि त्यातला पुष्कळसा घाईने पिकवलेला: बाहेरून पिवळा, कोयीपाशी पांढरा आणि आंबट. निदान चार दिवस आधी घेऊन घरी पेंढ्यात ठेवा. एप्रिलची दुसरी अडचण म्हणजे शाळा सुरू असतात, परीक्षाही, म्हणून बाहेरगावची मुलं आखाजीला नसतात आणि थेट पालखीला येतात. 2026 ची पौर्णिमा 1 मेला, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला. तेव्हा ऑर्डरची खरी झुंबड आखाजीइतकीच त्या दिवशीही धरून चाला. 2026 मधल्या अधिक महिन्यामुळे 2027 साली आखाजी पुन्हा मेच्या दुसऱ्या आठवड्यात जाते.

मांडे घरी आणताना जे बिघडतं ते बहुतेक प्लॅस्टिकमुळे. गरम मांडे घडी घालून पिशवीत भरले की वाफ आतच पाणी होते आणि वरचे चार मांडे लगदा होतात. सुती कापड अंथरलेली मोठी परात किंवा वेताची टोपली न्या. मांडे उघडे, एकावर एक, मधे कापड. घडी घरी आल्यावर. संध्याकाळपर्यंत उत्तम, दुसऱ्या दिवशी सकाळी दुधात कुस्करून अजून छान (काहींच्या मते तेच खरं खाणं), दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी मात्र नको. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पुरण आंबायला वेळ लागत नाही. तार आली, आंबूस वास आला की टाकून द्या, गरम करून सुधारत नाही.

सुरतला निम्मा खानदेश राहतो, त्यामुळे सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांत मांड्यांचे डबे नेहमी दिसतात. रात्रीचा प्रवास असेल आणि मांडे पूर्ण गार करून कापडात बांधले असतील तर पोचतात. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला पार्सल पाठवू नका. इंजिनाजवळची उष्णता आणि वर ठेवलेल्या बॅगा, पोचतो तो पुरणाचा गोळा. त्यांच्यासाठी बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया, काळा मसाला पाठवा.

घागरीचं थोडक्यात. आगारीच्या आधी पितरांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे खरबूज, भोपळा नव्हे; पुणेकर सून असेल तर बाजारात गोंधळ होतो. घागर आदल्या रात्री पाणी भरून ताटात ठेवून पाहा. अंगाने पाझरणं चांगलं, त्यानेच पाणी गार होतं. पण बुडाशी थेंब जमत असेल तर बदलून आणा. डांगर जड, देठाशी वास येणारं घ्या, आणि कापून ठेवलेलं कधीच नाही.

यात्रेत खायला जाणार असाल तर सहानंतर. त्याआधी नदीपात्रातली वाळू चपलेतून भाजते. मंगळवार टाळता आला तर टाळा, मंगळ ग्रह मंदिराच्या गर्दीने त्या दिवशी गावात गाडी लावायला जागा नसते. पाळण्यांबद्दल काही म्हणायचं नाही, पोरांना ते हवेतच. यात्रेतून विकत घ्यावी अशी वस्तू म्हणजे गुळाची गोडीशेव. करंगळीएवढी जाड, बेसनाची, गुळाच्या पाकात घोळलेली. एक शेव मोडून बघा: कट्कन मोडली आणि आतून पोकळसर दिसली तर ताजी. वाकली तर पाक कच्चा आहे, दोन तासांत सगळी एकमेकींना चिकटेल. तेलाचा वास ढिगावर येत नाही, पुडी बांधल्यावर येतो, म्हणून पाव किलो घेऊन दहा मिनिटं फिरून या, पुडी उघडून वास घ्या, आणि मग घरच्यांसाठी किलोभर.

पौर्णिमेच्या संध्याकाळी दुकानं मोडायला लागली की तीच गोडीशेव उतरत्या भावात मिळते. त्या दिवशी अवकाळीचे ढग असतील तर भाव दुपारीच उतरतो, पण तेव्हा घेऊ नका. दमट हवेत पाक सुटलेला असतो.